हरलेल्या वर्षाचा दरवाजा : स्वीडनच्या १८०९ सालाच्या अभ्यासाची प्रस्तावना

स्वीडनच्या इतिहासात शिरायला दरवाजे पुष्कळ आहेत. कोणी १५२३चा धरतो, कारण तिथे गुस्ताव वासा स्वतंत्र राज्याचा पहिला राजा म्हणून उभा आहे. कोणी १६३२चा, कारण ल्युत्सेनच्या रणात गुस्ताव दुसरा अडोल्फ पडला आणि तरीही त्याची फौज हटली नाही. कोणी १७०९चा, कारण पोल्ताव्याला बाराव्या कार्लच्या साम्राज्याचा कणा मोडला. या विषयात नव्याने येणाऱ्या मराठी वाचकाला मी १८०९चा दरवाजा सुचवतो. तिथे स्वागताला एकही वीर नाही. एक राजा आहे, ज्याला त्याच्याच सेनापतीने राजवाड्यात धरले. साठी गाठलेला त्याचा एक काका आहे, ज्याला गादीवर बसवण्यात आले. एक फौज आहे, थंडीने आणि रोगाने खंगलेली. आणि घाईघाईत, जेमतेम दोन आठवड्यांत लिहिलेली एक राज्यघटना आहे, जी पुढे १६५ वर्षे चालली.

या सालाची मोठी अडचण अशी की त्याची वाटणी झाली आहे. पराभव युद्धेतिहासाच्या वाट्याला गेला, घटना कायद्याच्या प्राध्यापकांनी उचलली, आणि फिनलंडचे जाणे तर दुसऱ्याच देशाच्या इतिहासाचे पहिले प्रकरण झाले. तिघांनीही आपापला तुकडा घासूनपुसून लख्ख केला. माझे म्हणणे इतकेच की हे तुकडे एकाच टेबलावर ठेवून वाचावेत. १८०९ची घटना शांत डोक्याने, निवांत बसून, आदर्श राज्याचा विचार करत कोणी लिहिलेली नाही. शत्रू दाराशी, तिजोरी रिकामी, राजा कैदेत, अशा अवस्थेतल्या घाबरलेल्या माणसांनी ती लिहिली. ती भीती बाजूला ठेवून कलमे वाचली तर कलमांचा अर्थ निसटतो.

आधी युद्धाची पार्श्वभूमी, थोडक्यात. जुलै १८०७मध्ये टिल्सिट इथे नेपोलियन आणि झार पहिला अलेक्झांडर यांचे सूत जमले. ब्रिटनचा व्यापार कोंडायचा तर बाल्टिकचे तोंड बंद करायला हवे, आणि त्यासाठी स्वीडनला वळवायला हवे. न वळल्यास मोडायला हवे. गुस्ताव चौथा अडोल्फ वळणाऱ्यांतला नव्हता. नेपोलियनमध्ये त्याला बायबलातल्या प्रलयकाळचे श्वापद दिसे. एवढ्यावरून त्याला वेडगळ ठरवून मोकळे होणाऱ्यांची जुनी परंपरा आहे. पण स्वीडनचे लोखंड समुद्रमार्गे जात होते आणि समुद्र ब्रिटिश आरमाराच्या ताब्यात होता, हेही विसरून चालत नाही. ब्रिटनशी तोडले तर उपासमार, न तोडले तर रशियाची स्वारी : इकडे आड तिकडे विहीर. २१ फेब्रुवारी १८०८ रोजी रशियन फौजा युद्ध न पुकारताच फिनलंडमध्ये शिरल्या. मार्चमध्ये डेन्मार्कनेही युद्ध पुकारले. मे महिन्यात जनरल जॉन मूरच्या हाताखाली दहा हजारांच्या आसपास ब्रिटिश सैनिक येटेबोरीच्या बंदरात आले, पण त्यांना कुठे लढवायचे यावर राजाचे आणि मूरचे जमेना. शेवटी फौज जहाजांवरून न उतरताच परत गेली.

स्वेआबोर्गची गोष्ट मात्र थोडक्यात आटोपण्याजोगी नाही. हेलसिंकीसमोरच्या बेटांवर १७४८पासून बांधलेला हा जलदुर्ग म्हणजे पूर्वेकडच्या संरक्षणाचा सारा भरवसा होता. किल्लेदार कार्ल ओलोफ क्रोनस्टेट हा काही भित्रा माणूस नव्हता. १७९०मध्ये स्वेन्स्कसुंडच्या आरमारी लढाईत नाव कमावलेला दर्यावर्दी होता. त्याने एप्रिलच्या आरंभी रशियनांशी करार केला : ३ मेच्या दुपारपर्यंत किमान पाच मोठी स्वीडिश लढाऊ जहाजे मदतीला आली नाहीत तर किल्ला द्यायचा. समुद्र गोठलेला. राजधानीकडे धाडलेले निरोप वेळेत पोहोचले नाहीत. ठरल्या दिवशी सहा हजारांहून जास्त शिपाई, तोफा आणि किनारी आरमाराचा मोठा भाग शत्रूच्या हाती पडला. फितुरी? लाच? बायकापोरांची काळजी? की आता सारे संपलेच आहे असा साधा निष्कर्ष? दोनशे वर्षे हा वाद चालू आहे. योहान लुडविग रूनेबेर्ग या फिनलंडच्या कवीने आपल्या युद्धकाव्यात क्रोनस्टेटचे नावसुद्धा घ्यायचे नाही असे ठरवले, आणि लोकांच्या मनात तोच निकाल कायम झाला. मला स्वतःला फितुरीची कथा फार सोयीची वाटते. एक माणूस विकला गेला असे म्हटले की तोफा, दाणागोटा, रस्ते, पगार यांतले एकही अपयश मोजावे लागत नाही. मार्टिन होर्डस्टेट यांच्यासारख्या अलीकडच्या अभ्यासकांनी या युद्धाच्या रसदीकडे लक्ष वळवले आहे. नव्या वाचकाने रूनेबेर्ग जरूर वाचावा, पण त्याच्या शेजारी पिठाच्या पोत्यांचा हिशेबही ठेवावा.

फौजेला त्या वर्षी खरे मारले ते रोगाने. १८०८मध्ये अठरा ते पंचवीस वयाच्या अविवाहित तरुणांची सक्तीची भरती झाली, सुमारे तीस हजारांची. तिला ‘लांटव्हेर्न’ म्हणत. त्यांच्यातल्या अनेकांना धड कपडे नव्हते, पायताण नव्हते, आणि शिकवायला अंमलदारही पुरेसे नव्हते. हगवण आणि तापाने छावण्या रिकाम्या होऊ लागल्या आणि घरी परतणाऱ्यांबरोबर रोग गावागावांत पोहोचला. इथे स्वीडनच्या एका नवलाईची ओळख करून द्यायला हवी. १७४९पासून या देशात प्रत्येक चर्चचा पाद्री आपल्या हद्दीतले जन्म, मृत्यू आणि मृत्यूची कारणे यांचे तक्ते भरून वर पाठवत असे. त्यामुळे आपल्याला ठाऊक आहे की १८०९ साली दर हजारी सुमारे ४० माणसे मेली आणि जन्मांपेक्षा मृत्यू बरेच जास्त झाले. त्या काळाबद्दल इतक्या खात्रीने बोलता येईल असे देश जगात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. लढाईत पडलेले या आकड्यात थोडेच. बाकीचे अंथरुणावर गेले, आणि त्यांत बायका-मुलेही होती.

१८०९च्या मार्चमध्ये सुमारे तीन आठवड्यांत काय काय घडले ते तारखांनिशी लावून पाहा. ७ मार्चला पश्चिमेकडच्या वेर्मलांडमध्ये ले. कर्नल गेऑर्ग आडलरस्पारे याने बंड पुकारले आणि तो कार्लस्टाडहून राजधानीच्या वाटेला लागला. समोरच्या नॉर्वेतल्या सेनापतीशी त्याने आधीच आतून समझोता केला होता. ही बातमी स्टॉकहोमला पोहोचताच राजाने बँकेतला पैसा घेऊन दक्षिणेकडच्या फौजेकडे निघायचे ठरवले. म्हणजे यादवी ठरलेलीच. १३ मार्चच्या सकाळी जनरल कार्ल योहान आडलरक्रोय्ट्स काही अधिकाऱ्यांसह राजाच्या दालनात शिरला. राजाने तलवार उपसली, ती काढून घेतली गेली. आरडाओरडा ऐकून पहारेकरी दारावर धडकले, तेव्हा आडलरक्रोय्ट्सने अधिकाराचा दंड हातात घेऊन त्यांना मागे हटवले. एवढ्यात राजाने दुसऱ्या कोणाची तरी तलवार हिसकली आणि तो दुसऱ्या दाराने जिने उतरून पळाला. खाली चौकात दरबारी शिकारखात्याचा धिप्पाड अधिकारी ग्रेफ याने त्याला गाठले आणि अक्षरशः उचलून वर आणले. कोणी मेले नाही. शहराने दुकाने उघडी ठेवली म्हणतात. २९ मार्चला ग्रिप्सहोल्मच्या किल्ल्यात राजाने गादी सोडल्याचे लिहून दिले, मुलाला तरी ती मिळेल या आशेने. त्याचा बाप, तिसरा गुस्ताव, गोळी लागल्यावर तेरा दिवसांनी मेला तो १७९२च्या २९ मार्चलाच. या योगायोगातून काही सिद्ध होत नाही, पण राजाच्या डोक्यात तो आला नसेल असे मानणे कठीण आहे. मुलालाही गादी मिळाली नाही. १० मेला रिक्सडागने, म्हणजे चार वर्गांच्या सभेने, राजाचा आणि त्याच्या वंशाचा हक्क काढून घेतला.

राजवाड्यात हे चालले असताना रशियन फौजा गोठलेल्या समुद्रावरून चालत येत होत्या. बार्क्ले द टॉली क्वार्केनची सामुद्रधुनी ओलांडून उमेओला पोहोचला. बाग्रातिओनच्या सैन्याने ओलांड बेटे घेतली आणि १९ मार्चला कुल्नेवचे घोडेस्वार ग्रिसलहाम्नच्या किनाऱ्यावर उतरले. तिथून स्टॉकहोम घोड्यावर एक-दोन दिवसांच्या वाटेवर. उत्तरेला कालिक्सजवळ २५ मार्चला आणखी एका स्वीडिश तुकडीने शस्त्रे ठेवली. मे-जूनमध्ये घटना लिहिणाऱ्यांनी हे सारे ऐकलेले होते. घटनेच्या पाठ्यपुस्तकांत हा बर्फ फारसा दिसत नाही, आणि माझी मुख्य तक्रार तीच आहे.

आता घटना. मे महिन्यात पंधरा जणांची समिती नेमली गेली : सहा उमराव, तीन धर्मगुरू, तीन नागरी व्यापारी, तीन शेतकरी. अध्यक्ष लार्स आउगुस्त मान्नरहेम. चिटणीस हान्स यार्टा, आणि लेखणी मुख्यतः त्याचीच. हा माणूस लक्षात ठेवण्यासारखा. १८००च्या नॉरशेपिंगच्या सभेत त्याने निषेध म्हणून आपले उमरावपद सोडले होते आणि आडनावाचे स्पेलिंगही बदलले होते. तो तरुणपणी फ्रेंच क्रांतीने भारावलेला. १८०९पर्यंत पुरता सावध झालेला. समितीतल्या जाणत्यांच्या आठवणीत दोन दुखणी होती. एक, १७२० ते १७७२चा काळ, जेव्हा राजा नामधारी होता आणि सभेतले गट परकीय पैशावर एकमेकांचे पाय ओढत होते. दुसरे, १७७२ आणि १७८९ची तिसऱ्या गुस्तावची सत्ता, जिचा शेवट पिस्तुलाने झाला. राजावर विश्वास नाही आणि सभेवरही नाही, मग ११४ कलमांत दोघांनाही बांधून टाकायचे, हा त्यांचा मार्ग. राज्य राजाने एकट्याने चालवावे असे कलम चार म्हणते. पण मंत्र्यांचा सल्ला ऐकूनच, आणि प्रत्येक हुकमावर मंत्र्याची सही घेऊन. कायदा दोघांनी मिळून करायचा. कर मात्र सभेच्याच हाती, बँकही तिच्याकडे. माणसाचा जीव, अब्रू, मालमत्ता कायद्यावाचून हिरावून घेऊ नये हे सोळावे कलम तर चौदाव्या शतकातल्या राजशपथेच्या वळणाचे आहे. यावरून एक जुना वाद आहे : ही घटना माँतेस्क्यूच्या पुस्तकातून आली की देशी मुळांतून? फ्रेड्रिक लागेरोथ यांनी देशी मुळांची बाजू हिरिरीने मांडली. मला वाटते, दोन आठवडे हातात असलेला माणूस जे मिळेल ते वापरतो. जवळ जुनी शपथ होती, ती घेतली, वाचलेला माँतेस्क्यू होता, तोही घेतला.

६ जूनला घटना मंजूर झाली आणि त्याच दिवशी काका तेरावा कार्ल राजा झाला. पण सगळ्यांनी आनंदाने सह्या केल्या असे समजू नका. शेतकऱ्यांच्या वर्गाने काही आठवडे हात आखडता घेतला. उमरावांच्या जमिनीला करातून मिळणाऱ्या सवलती तशाच राहणार असतील तर या नव्या व्यवस्थेत आम्हाला काय मिळाले, हा त्यांचा रोकडा सवाल होता. शेवटी दबाव आणून त्यांची संमती मिळवली. शेतकऱ्यांचा स्वतंत्र वर्ग सभेत बसतो ही युरोपात दुर्मीळ गोष्ट, म्हणून स्वीडिश इतिहासकार तिचा अभिमान बाळगतात. १८०९मध्ये त्या वर्गाचे किती चालले हे पाहिले की अभिमानाला थोडी मुरड पडते.

या घटनेचे एक अपत्य मराठी वाचकाच्या ओळखीचे आहे. ९६व्या कलमाने सभेला एक कायदेपंडित निवडायला सांगितले, ज्याने न्यायाधीश आणि अधिकारी कायदा पाळतात की नाही यावर नजर ठेवावी आणि चुकल्यास खटला भरावा. तो ओम्बुड्समन. १८१०मध्ये निवडला गेलेला पहिला ओम्बुड्समन म्हणजे घटना समितीचा अध्यक्ष मान्नरहेमच. बाराव्या कार्लने १७१३मध्ये तुर्की मुलखातून असा एक अधिकारी नेमला होता, पण तो राजाचा माणूस, हा सभेचा. शंभरेक वर्षे ही पद्धत स्वीडनबाहेर गेली नाही. मग फिनलंडने, डेन्मार्कने, न्यूझीलंडने ती उचलली, आणि १९७१च्या कायद्याने महाराष्ट्रात लोकायुक्त आले, जे भारतातल्या राज्यांत सर्वांत आधी प्रत्यक्ष कामाला लागले. २०११च्या अण्णा हजारेंच्या आंदोलनात लोकपालाची मागणी घराघरांत पोहोचली, तेव्हा तिचा उगम एका हरलेल्या देशाच्या संशयी घटनेत आहे हे क्वचितच कोणी सांगितले. दोन्हींतला फरक मात्र नीट पाहावा. स्वीडनचा माणूस खटला भरू शकत होता. आपल्याकडच्या लोकायुक्तांचा भर चौकशी करून शिफारस करण्यावर राहिला.

घटना टिकली खरी, पण टिकणे म्हणजे तशीच चालणे नव्हे. चार वर्गांची सभा १८६६मध्ये मोडीत निघाली. फेब्रुवारी १९१४मध्ये पाचव्या गुस्तावने राजवाड्याच्या चौकात शेतकऱ्यांच्या जमावासमोर भाषण करून आपल्याच सरकारला आव्हान दिले आणि सरकारने राजीनामा दिला. चौथ्या कलमाचे दात अजून शाबूत होते. १९१७पासून मंत्रिमंडळ सभेच्या विश्वासावर चालू लागले, तरी कागदावर राजा ‘एकटाच’ राज्य करत राहिला. १९७५च्या पहिल्या दिवशी नवी घटना लागू झाली तेव्हा कुठे कागद आणि वस्तुस्थिती जुळली.

आणि फिनलंड. १७ सप्टेंबर १८०९च्या फ्रेडरिक्सहाम्नच्या तहाने राज्याचा सुमारे तिसरा हिस्सा भूभाग आणि चौथा हिस्सा लोक गेले. ओलांड बेटेही गेली. सीमा टोर्निओ नदीवर आली. स्वीडनच्या पुस्तकात हा तोट्याचा जमाखर्च आहे. फिनलंडच्या पुस्तकात त्याच वर्षी, मार्चच्या अखेरीस, पोर्वोच्या चर्चमध्ये झार अलेक्झांडर फिनलंडचा धर्म, कायदे आणि हक्क राखण्याचे वचन देताना दिसतो. यातली गंमत अशी : स्वीडनने १८०९मध्ये फेकून दिलेले तिसऱ्या गुस्तावचे कायदे फिनलंडमध्ये तसेच राहिले, कारण बलिष्ठ राजाची तरतूद झारला सोयीची होती. १७७२च्या त्या व्यवस्थेचा आधार फिनलंडने १९१९मध्ये सोडला.

एका घरातच हे सारे पाहायचे असेल तर मान्नरहेम घराणे घ्यावे. लार्स आउगुस्त स्टॉकहोममध्ये घटना लिहवून घेत होता. त्याचा भाऊ कार्ल एरिक १८०८च्या अखेरीस फिनलंडच्या शिष्टमंडळाचा पुढारी म्हणून झारकडे गेला होता आणि नंतर तिथल्या नव्या सरकारात मोठ्या पदावर बसला. विसाव्या शतकातला फिनलंडचा मार्शल मान्नरहेम हा याच कार्ल एरिकचा पणतू. दोघा भावांपैकी कोण देशभक्त आणि कोण नाही, हा प्रश्न विचारून पाहा; त्या काळच्या ‘देश’ या कल्पनेची मर्यादा लगेच कळते.

साल मोजायचे तर १८०९ हे १८१०च्या ऑगस्टपर्यंत चालते असे मी मानतो. निवडलेला डॅनिश युवराज मे १८१०मध्ये घोड्यावरून कोसळून मेला, विषप्रयोगाची अफवा उठली, आणि २० जूनला त्याच्या अंत्ययात्रेत आक्सेल फॉन फेर्सेन या बड्या उमरावाला स्टॉकहोमच्या जमावाने भर रस्त्यात ठेचून मारले. शिपाई बघत उभे होते. रक्ताविना झालेल्या क्रांतीचा गौरव करणाऱ्यांनी ही तारीख वगळू नये. २१ ऑगस्टला एरेब्रोच्या सभेने नेपोलियनचा मार्शल बर्नाडोट याला युवराज निवडले. त्याचेच घराणे आजही गादीवर आहे.

नव्या अभ्यासकासाठी काही रोकड्या सूचना. तारखा जपून वाचाव्यात : स्वीडन १७५३पासून नव्या पंचांगावर होता, रशिया जुन्यावर, आणि अंतर बारा दिवसांचे, तहाची तारीख रशियन कागदांत ५ सप्टेंबर दिसली तर गोंधळू नये. राजाच्या पतनासाठी स्टेन कार्लसन यांच्या १९४०च्या दशकातल्या पुस्तकांपासून सुरुवात करावी. जुनी आहेत, पण त्यांना टाळून पुढे जाता येत नाही. स्वीडिश येत नसेल तर शिकायला घ्यावी. छापील भाषा काही महिन्यांत वाचता येऊ लागते, हस्तलिखितांची जर्मन वळणाची लिपी जास्त घाम काढते. आणि शक्य असेल तर एक गाव निवडावे. मी वेस्टरबॉटनमधले सेवार सुचवीन. १९ ऑगस्ट १८०९ला तिथे आणि दुसऱ्या दिवशी जवळच्या राटान बंदरात स्वीडनच्या भूमीवरच्या शेवटच्या लढाया झाल्या, घटना मंजूर होऊन अडीच महिने उलटल्यावर. त्या भागातल्या चर्चच्या मृत्युनोंदी, लांटव्हेर्नमध्ये गेलेल्या पोरांची नावे, आणि सभेतल्या शेतकरी-वर्गाची इतिवृत्ते शेजारी ठेवली की एक प्रश्न आपोआप उभा राहतो : जूनमध्ये सही करायला नकार देणाऱ्या शेतकऱ्यांच्या रागात जमिनीचा कर किती होता आणि गेल्या हिवाळ्यात न परतलेली मुले किती? या सालाबद्दल मला पडलेल्या प्रश्नांत हा सर्वांत मोलाचा वाटतो, आणि त्याचे उत्तर शोधायला कागद उपलब्ध आहेत.